विडी-सिगरेटचा धूर आणि आपला दम

(रेडिओवरच्या ‘आरोग्याच्या गप्पा’ या तासातलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत वाचता यावं म्हणून अनेक मैत्रिणींनी मागितलं, म्हणून छापत आहोत.)

कामं आवरली का? भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. मागं एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एका ताईनं विचारलं, “आमचे मालक विडी ओढतात. सकाळी अर्धा तास खोकतात. पण म्हणतात, मला काही होत नाही, बघ की, अजून पोतं उचलतोय. मग खरंच काही होत नाही का?” दुसरी लगेच म्हणाली, “माझ्या आजेसासऱ्यांनी ऐंशी वर्षं विडी ओढली, ठणठणीत होते.” तिसरी हळूच म्हणाली, “आणि मी तर एकही ओढली नाही. मग मलाच का धाप लागते?”

तिन्ही प्रश्न खरे आहेत. या तिघींना उत्तर द्यायचं म्हणजे आधी आपलं फुप्फुस कसं चालतं ते बघायला हवं.

छातीतला द्राक्षाचा घड

आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या बागा पुष्कळ. पंढरपूरकडं, बार्शीकडं गेलं की दिसतात. तो घड डोळ्यांपुढं आणा. मधला मोठा देठ, त्याला बारीक देठ, त्याला आणखी बारीक, आणि टोकाला मणी. फुप्फुस अगदी तसंच असतं. घशातून एक मोठी श्वासनळी खाली येते, तिचे दोन फाटे होतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात. असे वीसेक वेळा फाटे फुटून शेवटी अगदी बारीक फुगे येतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० कोटींहून जास्त फुगे असतात.

हे सगळे फुगे उकलून जमिनीवर पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे जवळजवळ पाऊण गुंठा! एवढी जमीन आपण छातीत घेऊन फिरतो. या जमिनीवर एकच पीक निघतं, ते म्हणजे प्राणवायू. फुग्याच्या पातळ पडद्यातून तो रक्तात जातो, आणि रक्तातली वापरलेली हवा बाहेर येते. दिवसात वीसेक हजार वेळा हे काम चालतं. झोपेतसुद्धा.

या नळ्यांना आतून राखणदारही आहेत. नळ्यांच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते आणि थोडा चिकट ओलावा असतो. धूळ, माती, जंतू त्या ओलाव्याला चिकटतात. मग ती लव झाडूसारखी हलत राहते आणि ती घाण वर वर ढकलत घशापर्यंत आणते. आपण ती नकळत गिळतो किंवा खाकरून टाकतो. ज्वारीची मळणी झाल्यावर दोन दिवस काळपट बेडका पडतो ना, तो या झाडूवाल्यांनीच बाहेर काढलेला कचरा.

धूर आत गेला की काय होतं

विडी असो की सिगरेट, तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात. त्यांतली सत्तरएक कर्करोग करणारी आहेत. आपण आज तीन गोष्टी लक्षात ठेवू.

पहिली गोष्ट, धुरानं ती झाडूवाली लव लुळी पडते, आणि रोजच ओढत राहिलं तर झडून जाते. नळीतला चिकट ओलावा मात्र वाढतो. म्हणजे कचरा जास्त आणि झाडणारं कुणी नाही. मग शरीर काय करतं? खोकून खोकून तो बाहेर फेकायला बघतं. सकाळचा तो अर्ध्या तासाचा खोकला म्हणजे ‘काही होत नाही’ याची खूण नाही. काहीतरी झालंय, याची ती पहिली खूण आहे.

दुसरी गोष्ट, नळ्या आतून सुजतात आणि अरुंद होतात. ठिबकच्या नळीत क्षार साचले की पाणी कसं थेंब थेंब येतं, तशी हवा अडखळत जाते. त्यातच ते द्राक्षाचे मणी फुटायला लागतात. दोन मण्यांमधली भिंत गेली की दोनाचा एक होतो, चाराचा एक होतो. पाऊण गुंठ्याची जमीन कमी कमी होत जाते. शिवाय फुप्फुसाचा ताण जातो. परकराचं इलॅस्टिक सैल पडल्यावर कसं होतं? ताणलं जातं, पण परत आवळत नाही. तशी हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. आत जुनी हवा कोंडलेली, मग नवी घ्यायला जागा कुठं? म्हणून अशा माणसाला वाटतं की श्वास आत जात नाही. खरी अडचण असते ती श्वास बाहेर न पडण्याची.

तिसरी गोष्ट, धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट चिकटतो. एसटीत आपण बसायच्या आधीच कुणीतरी रुमाल टाकून जागा धरावी, तसं. प्राणवायू उभाच राहतो. म्हणून विडी ओढणाऱ्याचं हृदय तेवढ्याच कामासाठी जास्त पळतं.

दमाचं पासबुक

आता त्या पहिल्या ताईच्या प्रश्नाकडं येऊ. धूर इतकं नुकसान करतो, तर माणूस पोतं कसं उचलतो?

आपण गटवाल्या बायका आहोत, पासबुक आपल्याला कळतं. फुप्फुसाचंही पासबुक असतं. जन्मल्यापासून विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत त्यात जमा होत राहते. त्यानंतर जमा बंद होते आणि फक्त खर्च सुरू होतो. हा खर्च मोजायची रीत अशी की छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचा. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, ते यंत्र सांगतं.

समजा, पंचवीस वर्षांच्या एका निरोगी गड्याची शिल्लक साडेतीन लिटर आहे. विडी न ओढणाऱ्या माणसाची शिल्लक वयानुसार वर्षाला साधारण ३० मिलिलिटरनं घटते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं जे झाकण असतं, दहा मिलिलिटरचं, ती तीन झाकणं. एवढी घट सगळ्यांचीच होते, आपलीही होते. त्यानं काही अडत नाही.

धूर ओढणाऱ्याचं काय होतं? अमेरिका आणि कॅनडातल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना डॉक्टरांनी अकरा वर्षं तपासत ठेवलं. या सगळ्यांच्या फुप्फुसांना आधीच थोडी इजा झालेली होती. ज्यांनी सिगरेट चालू ठेवली, त्या पुरुषांची शिल्लक वर्षाला ६६ मिलिलिटरनं घटली. म्हणजे साडेसहा झाकणं. ज्यांनी सुरुवातीलाच सोडली आणि पुन्हा धरली नाही, त्यांची ३० नं घटली. बायकांचं तेच. ओढणाऱ्यांची ५४, सोडलेल्यांची २२.

आता हिशोब करा. तीस वर्षं गेली, गडी पंचावन्नचा झाला. न ओढणाऱ्याची शिल्लक राहिली दोन लिटर सहाशे. ओढणाऱ्याची राहिली दीड लिटर. अर्ध्याहून कमी.

आणि गोम इथंच आहे. चाळिशीत जेव्हा पाऊण लिटर-एक लिटर गेलेलं असतं, तेव्हा माणसाला काहीच कळत नाही. कारण देवानं फुप्फुस गरजेपेक्षा पुष्कळ मोठं दिलंय. रोजच्या कामाला सगळं लागत नाही. म्हणून मालक पोतं उचलतात आणि म्हणतात, काही होत नाही. शिल्लक संपत आली की मग धाप लागते. पासबुक न भरता पैसे काढत राहिलेल्या माणसासारखं. ज्या दिवशी बँकेत साहेब नाही म्हणतो, त्या दिवशी कळतं. पैसे मात्र त्या दिवशी संपलेले नसतात, वीस वर्षांपासून संपत आलेले असतात.

सगळ्यांचं सारखं होतं का? नाही. काहींची घट हळू होते, काहींची फार वेगानं. म्हणून एखाद्या गावात ऐंशी वर्षं ओढणारे आजेसासरे निघतात. पण आपलं फुप्फुस आजेसासऱ्यांसारखं आहे की नाही, हे आधी कुणालाच कळत नाही. आणि त्यांच्याबरोबर विडी ओढणारे जे पन्नाशीतच गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलेलं नसतं.

अशी शिल्लक खूप घटली की त्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपण सगळ्यालाच दमा म्हणतो, पण दोन्हींत फरक आहे. दमा लहानपणीही होतो, मध्येच उसळतो, मध्येच पूर्ण बरा वाटतो. सीओपीडी चाळिशीनंतर हळूहळू येतो आणि वाढत जातो. आपल्या देशात हृदयविकाराच्या खालोखाल माणसं याच आजारानं जातात.

“विडी हलकी असते” हा गैरसमज

पुष्कळ घरांत म्हणतात, सिगरेट वाईट, विडी आपली झाडपाल्याची, हलकी. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असते हे खरं. जेमतेम पाव ग्रॅम. पण ती तेंदूच्या पानात गुंडाळलेली असते. ते पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते. विझू नये म्हणून माणूस भराभर आणि खोल झुरके घेतो. त्यामुळं एका विडीतून निकोटिन, डांबर आणि तो रुमाल टाकणारा वायू सिगरेटइतकाच, पुष्कळदा जास्तच, आत जातो.

२००८ साली आपल्या देशातल्या ११ लाख घरांच्या पाहणीतून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बाईचं आठ वर्षांनी, आणि सिगरेट ओढणाऱ्या पुरुषाचं दहा वर्षांनी. बाईचं नुकसान पुरुषापेक्षा जास्त, हेही लक्षात ठेवा.

आणि टीबी. ओढणाऱ्याला टीबी होण्याचा धोका दुपटीहून जास्त असतो. झाडूवाले नसलेल्या घरात जंतूला कोण हाकलणार?

विडी वळणारे हात

सोलापुरात बसून विडीबद्दल बोलायचं आणि विडी वळणाऱ्या बायांबद्दल बोलायचं नाही, हे बरोबर नाही. शहराच्या पूर्व भागात, कुंभारीच्या वसाहतीत हजारो घरं विडीवर चालतात. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत आठवा. विडी कामगार बायांची दहा हजार घरं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. त्या घरांमागं बायांच्या कित्येक वर्षांच्या मोर्च्यांचं बळ होतं. या बायांनी मुलं शिकवली, लग्नं केली. त्यांच्या कष्टाला कुणी नावं ठेवू नयेत.

पण त्यांच्या छातीचंही बोलायला हवं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर मान खाली. ती बारीक धूळ नाकातोंडात जाते. निकोटिन हाताच्या कातडीतूनही अंगात शिरतं. एकही विडी न ओढता खोकला, डोकेदुखी, मळमळ मागं लागते. म्हणून विडी वळणाऱ्या मैत्रिणींनो, एवढं करा. दारात किंवा खिडकीपाशी, वारा येईल अशा जागी बसा. नाकातोंडाला ओढणी किंवा पदर बांधा. तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीत नको, स्वयंपाकाच्या ओट्यावर तर नकोच. लेकराला पाजायच्या आधी, पीठ मळायच्या आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवा. तान्ह्या बाळाला सुपाशेजारी निजवू नका.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनीच लावून धरायची. भारतानं २००४ साली तंबाखूविरोधी जागतिक करार मान्य केला. त्या करारात विडी-तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना दुसरं कामही मिळवून द्यावं असं म्हटलंय. विडी कमी व्हावी हे आपल्या दमासाठी हवंच, पण ते वळणारीची चूल विझवून नको.

ओढतो तो, आणि शेजारी बसते ती

आता तिसऱ्या ताईचा प्रश्न. ‘मी ओढली नाही, मग मला का धाप?’

माझ्या घरचंच सांगते. माझे सासरे सोळाव्या वर्षापासून विडी ओढायचे. सासूबाईंनी कधी विडीला हात लावला नाही. एकदा गावात छातीच्या तपासणीचं शिबिर झालं. सासऱ्यांना न्यायचं म्हणून मी दोघांनाही नेलं. सासऱ्यांची फुंकर कमी निघणार हे मला माहीत होतं. पण सासूबाईंचीही कमी निघाली. त्या मलाच म्हणाल्या, “अगं, मी कधी ओढली गं?” मला उत्तर देता येईना. चाळीस वर्षं त्या चुलीपुढं बसल्या होत्या, तुराट्या नि शेणी जाळत. आणि रात्री त्याच खोलीत सासऱ्यांची विडी.

धूर कुणी ओढला हे फुप्फुस विचारत नाही. विडीच्या टोकातून जो धूर नुसता वर जातो, तोही शेजारच्याच्या छातीत जातो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या दर शंभर मोठ्या माणसांपैकी ३८ जणांनी सांगितलं की घरात दुसऱ्याचा धूर आमच्या नाकात जातो. जगात बारा लाखांहून जास्त माणसं दर वर्षी अशा दुसऱ्याच्या धुरानं मरतात.

चुलीचंही तसंच. जगात धूम्रपान करणारे शंभर कोटी, तर चुलीचा धूर खाणारे तीनशे कोटी, हा हिशोब पुण्याच्या डॉक्टर संदीप साळवी यांनी २००९ साली लेख लिहून जगापुढं मांडला. तोवर बहुतेक डॉक्टर हा आजार म्हणजे सिगरेटवाल्यांचा असंच समजायचे. न ओढणाऱ्या बाईला विचारायचंच नाही कुणी. म्हणून दवाखान्यात गेलात की आपण होऊन सांगा, “डॉक्टर, मी इतकी वर्षं चुलीपुढं बसते, घरात विडी ओढतात.” घरी गॅस आहे पण फक्त चहापुरता वापरता, असं असेल तर भाकरीसाठीही वापरायचा विचार करा. जमत नसेल तर चूल अंगणात घ्या, लेकरांना तिथं खेळवू नका.

लेकरांचं सर्वांत महत्त्वाचं. त्यांचं पासबुक अजून भरतंय. घरात धूर असला तर त्यांची जमाच कमी होते. विसाव्या वर्षी जिथं साडेतीन लिटर पोचायचं, तिथं पोचतच नाही. शाळकरी पोरं चोरून ओढायला लागली तरी तेच. आणि गरोदर बाईच्या आजूबाजूला विडी ओढली तर बाळाचं वजन कमी भरतं. गरोदरपणात मिश्री लावली तरीही भरतं, हे आज्जीबाईंनाही सांगा.

ओळखायचं कसं

घरातल्या कर्त्या माणसाकडं जरा लक्ष देऊन बघा. चार पायऱ्या आहेत. लिहून घ्या.

एक, घाईनं चालताना किंवा चढावर धाप लागते. दोन, सपाट रस्त्यावरही बरोबरीची माणसं पुढं जातात आणि हा मागं राहतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीत हे पटकन दिसतं. तीन, शंभर मीटरवर थांबून दम घ्यावा लागतो. चार, अंघोळ करताना, सदरा घालतानाही धाप लागते.

पहिली-दुसरी पायरी दिसली तेव्हाच तपासून घ्यायचं, चौथीची वाट बघायची नाही. तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. एका नळीत जोरात फुंकायचं, सुई नाही, दुखत नाही. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात छातीच्या आजारांच्या ओपीडीत विचारा. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलंत तर त्या चिठ्ठी देतील. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर बेडका तपासायला द्या, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. बेडक्यात रक्त, वजन घटणं, आवाज बसणं यांपैकी काही दिसलं तर उद्यावर टाकू नका.

आजार निघालाच तर डॉक्टर बहुतेक पंप देतात. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक घाबरतात. सवय लागते ती विडीची, पंपाची नाही. पंपातलं औषध थेट नळीत जातं, म्हणून थोडं पुरतं.

सोडली तर काय परत मिळतं

खरं सांगते, फुटलेले मणी परत येत नाहीत. गेलेली शिल्लक परत जमा होत नाही. पण ज्या दिवशी विडी थांबते, त्या दिवसापासून पैसे काढायचा वेग कमी होतो. साडेसहा झाकणांवरून तीनवर येतो. त्या अमेरिकेतल्या पाहणीत तर सोडणाऱ्यांची फुंकर पहिल्या वर्षी थोडी वाढलीसुद्धा, कारण नळ्यांची सूज उतरली.

अर्ध्या दिवसात तो रुमालवाला वायू रक्तातून निघून जातो. काही महिन्यांत लव पुन्हा उगवते, खोकला कमी होतो. सुरुवातीचे काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो. झाडूवाले कामाला लागलेत असं समजा आणि घाबरून पुन्हा विडी पेटवू नका. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्यापेक्षा निम्म्यावर येतो.

‘आता या वयात काय सोडायची’ म्हणणाऱ्यांना इंग्लंडच्या डॉक्टरांची गोष्ट सांगा. तिथले चौतीस हजार पुरुष डॉक्टर १९५१ पासून पन्नास वर्षं पाहणीत होते. तिशीत सोडणाऱ्यांची सरासरी दहा वर्षं वाचली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीत सोडली तरी तीन वर्षं वाचली. तीन वर्षांत नातवंड शाळेत जायला लागतं.

माझ्या सासऱ्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडली. पूर्वीसारखा दम आला नाही. पण बांधापर्यंत आपल्या पायानं जायचे, मध्ये एकदा बसायचे. तेवढं त्यांना पुष्कळ होतं.

सोडवायची कशी

भांडून सुटत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि एक स्पष्ट सांगते, घरात हात उगारला जात असेल तर या विषयावरून मार खाऊ नका. आशाताईंना, गटाला सांगा. विडी सोडायची जबाबदारी ओढणाऱ्याची, तुमची नाही. तुम्ही फक्त वाट सोपी करू शकता.

त्यांनाच तारीख ठरवू द्या. एकादशी, मुलाचा वाढदिवस, काहीही. आदल्या रात्री बंडल, काडेपेटी घराबाहेर. विडी कधी लागते ते बघा. चहानंतर? जेवणानंतर? त्या वेळी फुटाणे, शेंगदाणे, बडीशेप, लवंग हाताशी ठेवा. तलफ चार-पाच मिनिटं जोरात येते आणि उतरते. तेवढा वेळ पाणी पिणं, चार पावलं फिरणं, काहीतरी काम. पहिले तीन दिवस सर्वांत अवघड, चिडचिड होणार, झोप मोडणार. तीन-चार आठवड्यांत ते शांत होतं.

‘विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ असं बरेचजण म्हणतात. ते खोटं नाही. निकोटिननं आतडं हलतं, म्हणून सोडल्यावर काही दिवस पोट अडतं. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी. आठवड्या-दोन आठवड्यांत पोट आपलं आपण चालतं. विडी सोडून तंबाखूची पुडी किंवा गुटखा मात्र धरायचा नाही. छातीचं संकट तोंडावर नेऊन काय उपयोग?

एकट्यानं जमत नसेल तर मदत आहे. १८०० ११ २३५६ या सरकारी नंबरावर फोन करायला पैसे पडत नाहीत. विडी-सिगरेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो. सवय जुनी असेल तर डॉक्टर निकोटिनचा च्युइंगम किंवा गोळ्या देतात. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तर हिणवू नका. बहुतेकांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

आता गटासाठी काम. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, प्रत्येकीनं आपल्या घराचा एक नियम ठरवायचा की उंबऱ्याच्या आत विडी नाही. ओढायची तर बाहेर, लेकरांपासून लांब. सोडणं लगेच जमलं नाही तरी हे आजपासून जमतं. दोन, दिवसाचे वीस रुपये विडीचे धरले तर वर्षाचे होतात ७,३००. हा आकडा घरी जाऊन प्रेमानं सांगायचा. तीन, ज्या बाईला चालताना धाप लागते तिनं हात वर करायचा, आणि गटानं दोघी-तिघींना मिळून तपासणीला न्यायचं. एकटी जाते म्हटलं की जाणं होत नाही.

आपण दर महिन्याला पासबुक उघडून बघतो, एक रुपया इकडचा तिकडं होऊ देत नाही. तसंच हेही बघा. आपलंही आणि त्यांचंही.

पुढच्या आठवड्यात मिश्री आणि दात यांवर बोलू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.